कोणतंही बटण दाबा : नवशिक्यांसाठी सोपं मार्गदर्शन

या मार्गदर्शनाचा उद्देश माफक आहे. तुमचा प्रोग्रॅम पडद्यावर विचारेल, 'पुढे जायचं का? वाय की एन?' समोरचा माणूस एक बटण दाबेल आणि एंटर न मारताच प्रोग्रॅम कामाला लागेल. एवढंच. मात्र हे विंडोजवर, लिनक्सवर आणि मॅकवर एकाच सोर्स कोडमधून व्हायला हवं. अंदाजे वेळ दहा मिनिटं. त्यात वाद घालण्याचा वेळ धरलेला नाही.

पूर्वज्ञान म्हणून सी भाषेचं पहिलं सेमिस्टर पुरेसं आहे. नापास झाला असाल तरी चालेल, कारण खाली जे येणार आहे ते अभ्यासक्रमात नव्हतंच.

पायरी पहिली : निळा पडदा उघडा

महाराष्ट्रात सी शिकलेल्या बहुतेकांना हा निळा पडदा ओळखीचा आहे. टर्बो सी. बोरलँड कंपनीने १९८७ साली बाजारात आणला, तोही डॉससाठी. डॉस गेला, बोरलँड गेली, चौसष्ट बिटांच्या विंडोजने सोळा बिटांचे प्रोग्रॅम चालवायला साफ नकार दिला, तरी आपल्या प्रयोगशाळांनी डॉसबॉक्स नावाच्या पेटीत बसवून तो जिवंत ठेवला. तो सुरू करा आणि प्रोग्रॅमच्या शेवटी, कंस पुरा करण्याआधी, 'गेटच' लिहा.

गेटच कशासाठी, असा प्रश्न विचारू नका. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये तो असतो म्हणून तो असतो. खरं कारण इतकंच, की प्रोग्रॅम संपताक्षणी टर्बो सी परत निळा पडदा आणतो आणि तुमचं उत्तर त्यामागे दडतं. अल्ट-एफ५ दाबलं की ते दिसतं. पण हे सांगण्यापेक्षा सरसकट सगळ्यांना गेटच लिहायला लावणं सोपं होतं. त्यामुळे कित्येकांची प्रामाणिक समजूत आहे, की गेटच हा सी भाषेचाच एक अवयव आहे आणि तो नसला तर प्रोग्रॅम अपुरा राहतो.

आपलं काम मात्र याच गेटचने होणार आहे. तो बटण दाबलं जाईपर्यंत थांबतो, दाबलेलं बटण पडद्यावर उमटू देत नाही आणि एंटरची वाट पाहत नाही. पहिली पायरी पूर्ण. अभिनंदन, आता फक्त पोर्टेबिलिटी राहिली.

पायरी दुसरी : तोच प्रोग्रॅम लिनक्सवर न्या

कंपाइल करा. कंपायलर सांगेल, 'कोनिओ डॉट एच' नावाची फाइल नाही. घाबरू नका. इंटरनेटवर ती फाइल शोधून डाउनलोड करून फोल्डरमध्ये टाकू नका. हे सांगावं लागतं, कारण लोक टाकतात. हेडर फाइलमध्ये फक्त फंक्शनचं नाव असतं. काम करणारं फंक्शन दुसरीकडे असतं आणि ते इथे नाही.

मुळात सी भाषेच्या १९८९च्या मानकात एक बटण वाचायचं फंक्शनच नाही. मानकाला माहीत आहे फक्त 'स्ट्रीम', म्हणजे एकामागून एक येणारी अक्षरं. ती कीबोर्डवरून येतात, फाइलमधून येतात की दुसऱ्या प्रोग्रॅमच्या तोंडून, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. गेटच ही डॉसच्या कंपायलरवाल्यांनी वरून दिलेली भेट होती. डॉसवर एका वेळी एकच प्रोग्रॅम चालायचा आणि त्याला कीबोर्ड जवळजवळ हाताशी असायचा, म्हणून ती त्यांना परवडली.

विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा कंपायलर आजही गेटच देतो, पण कुरकुरत. तो म्हणतो, हे नाव 'पॉझिक्स'चं आहे, ते आता वापरू नका, सुरुवातीला अंडरस्कोर लावलेलं नाव वापरा. पॉझिक्स म्हणजे युनिक्स घराण्याचा करारनामा, आणि कोनिओचा गेटच त्यात कधीच नव्हता. ज्या घरात मूल जन्मलंच नाही त्या घराचं आडनाव त्याला चिकटवून वर रागवायचं, असा हा प्रकार आहे. तुम्ही मुकाट्याने अंडरस्कोर लावा.

पायरी तिसरी : मित्राचा सल्ला घ्या

मित्र सांगेल, 'गेटच नको, गेटचार वापर, तो स्टँडर्ड आहे.' मित्राचं बरोबर आहे. गेटचार सगळीकडे कंपाइल होतो. चालवून पाहा. 'वाय' दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पडद्यावर दोन वाय दिसताहेत आणि प्रोग्रॅम ढिम्म. एंटर मारलं की मग एकदम दोन्ही वाय आत जातात आणि तुमच्या पुढच्या प्रश्नाचंही उत्तर विचारण्याआधीच दिलं जातं.

याचं कारण समजून घेतलं तर निम्मं मार्गदर्शन इथेच संपतं. तुमच्या बोटाचा आणि तुमच्या प्रोग्रॅमचा थेट संबंध नाही. मध्ये ऑपरेटिंग सिस्टिमने आवक विभागातला कारकून बसवला आहे. युनिक्सच्या भाषेत त्याचं नाव 'लाइन डिसिप्लिन'. तुम्ही टाइप केलेलं प्रत्येक अक्षर तो घेतो, पडद्यावर उमटवतो, बॅकस्पेस आला तर मागचं खोडतो, आणि एंटरचा शिक्का बसल्याशिवाय कागद आत पाठवत नाही. हा कारकून जुना आहे. युनिक्स १९६९ साली बेल लॅब्समध्ये जन्माला आला तेव्हा समोर पडदा नव्हता, टेलिटाइप होता: टाइपरायटरसारखं खडखडणारं, कागदावर छापणारं यंत्र. आजही लिनक्समध्ये टर्मिनलचं नाव 'टीटीवाय' आहे ते त्यावरूनच. कागदावर छापलेलं खोडता येत नाही, म्हणून सुरुवातीच्या युनिक्सवर चुकलेलं अक्षर रद्द करायला पुढे हॅशचं चिन्ह टाइप करायचे आणि अख्खी ओळ रद्द करायला 'अॅट'चं, तेच जे आज ईमेलच्या पत्त्यात असतं. पूर्ण ओळ हाती आल्यावरच ती आत देणं हे त्या काळात शहाणपणाचं होतं. यंत्रं बदलली, कारकून कायम आहे.

विंडोजच्या कन्सोलमध्येही असा एक कारकून आहे. फरक इतकाच, की तिथल्या गेटचला मागच्या दाराने जायची परवानगी आहे.

याच पायरीवर आणखी एक सल्ला मिळेल: 'एफफ्लश'मध्ये 'स्टँडर्ड इनपुट' टाक, मग एंटरचा उरलेला कचरा साफ होतो. हा सल्ला आपल्याकडच्या क्लासांच्या नोट्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेला आहे. स्कॅनएफने आकडा वाचला की मागे एंटर उरतो, आणि पुढचा स्कॅनएफ अक्षर मागायला जातो तेव्हा त्याला तो उष्टा एंटर मिळतो, हे निदान बरोबर आहे. औषध मात्र चुकीचं आहे. एफफ्लश आउटपुटसाठी आहे. इनपुटवर तो काय करेल याची मानक हमी देत नाही. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या लायब्ररीत तो कचरा साफ करायचा, नंतरच्या आवृत्त्यांमध्ये त्यांनीही हात काढून घेतला. लिनक्सवर कीबोर्डच्या बाबतीत तो काहीच करत नाही आणि तोंडातून चकार शब्दही काढत नाही. हा शेवटचा भाग सगळ्यात घातक.

पायरी चौथी : कारकुनाला रजेवर पाठवा

लिनक्स आणि मॅकवर यासाठी 'टर्मिओस' नावाची सोय आहे. टर्मिनलची आताची मांडणी मागून घ्या, जपून ठेवा, तिची एक प्रत काढा, त्या प्रतीत 'आयकॅनन' आणि 'एको' हे दोन झेंडे खाली उतरवा आणि ती प्रत टर्मिनलला परत द्या. आयकॅनन उतरला की ओळ साठवणं बंद. एको उतरला की अक्षर उमटणं बंद. आता एक बाइट वाचा. चाललं! मग जपून ठेवलेली मूळ मांडणी परत द्या.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. ते विसरलं तर, किंवा प्रोग्रॅम मध्येच कोसळला तर, कारकून रजेवरच राहतो. प्रोग्रॅम संपून शेलचा प्रॉम्प्ट येतो आणि तुम्ही टाइप केलेलं काहीच दिसत नाही. नवशिक्या अशा वेळी टर्मिनलची खिडकी बंद करून नवीन उघडतो. जाणकार आंधळेपणाने 'रीसेट' टाइप करतो. एंटरही लागत नसेल तर कंट्रोल-जे दाबतो, कारण युनिक्सला हवा असलेला ओळीचा शेवट म्हणजे दहा नंबरचं अक्षर, ते कंट्रोल-जेने थेट मिळतं. एंटरचं बटण तेरा नंबर पाठवतं. त्याचे दहा करणारा कारकूनच आत्ता जागेवर नसतो.

आता जुन्या यंत्रांसाठी एक टीप. 'किमान किती अक्षरं आली की वाचन पूर्ण मानायचं' हा आकडा टर्मिओसमध्ये व्हीमिन नावाच्या खणात असतो. तो स्वतः एक करून घ्या. लिनक्सवर विसरलात तरी खपून जातं. सोलारिसवर मात्र हा खण आणि 'इनपुट संपलं' या अक्षराचा खण एकच आहे. ते अक्षर म्हणजे कंट्रोल-डी, त्याचा नंबर चार. म्हणजे आयकॅनन उतरवला आणि व्हीमिन तसाच ठेवला, तर चार बटणं दाबली जाईपर्यंत प्रोग्रॅम हलत नाही. वापरणारा वाय दाबतो, पुन्हा वाय दाबतो, शिवी देतो, टेबलावर हात आपटतो, आणि अचानक सगळं सुरळीत सुरू होतं. मग तो सगळ्यांना सांगत फिरतो की टेबलावर हात आपटला की चालतं. त्याच्या निरीक्षणात काही खोट नाही.

'कर्सेस' लायब्ररी वापरली तर हे सगळं ती सांभाळते. बर्कलीत केन आर्नल्डने ती लिहिली, आणि 'रोग' हा पडद्यावर फिरायचा खेळ तिच्यावर उभा राहिला. तिच्यातही गेटच आहे! नाव तेच, स्पेलिंग तेच. पण आधी 'इनिटएससीआर' नावाचं फंक्शन बोलावलं नाही तर तो काही न वाचताच चूक झाल्याचा नंबर देऊन परततो. आणि बोलावलं तर ते आधी अख्खा पडदा पुसतं. 'पुढे जायचं का?' एवढं विचारण्यासाठी आधीचं सगळं पुसून टाकायचं, हे तुमच्या ग्राहकाला आवडेल का ते तुम्ही ठरवा.

पायरी पाचवी : बाणांची बटणं

उत्साह वाटला म्हणून तुम्ही सापाचा खेळ करायला घ्याल. सगळेच घेतात.

डॉसवर वरचा बाण दाबला की गेटच आधी शून्य देतो, पुन्हा बोलावलं की ७२ देतो. डावा ७५, उजवा ७७, खालचा ८०. विंडोजवर शून्याच्या जागी बहुतेक वेळा २२४ येतो, पुढचा आकडा तोच. पहिला आकडा वाचून फेकायचा विसरलात तर गंमत होते. ७२ हा कॅपिटल एचचाही नंबर आहे. त्यामुळे साप वरच्या बाणाने वर जातो आणि एच टाइप केलं तरीही वर जातो. परीक्षकाला हे 'फीचर' म्हणून सांगता येतं.

लिनक्सवर असा काही नंबरच नाही. वरचा बाण दाबला की टर्मिनल तीन अक्षरं पाठवतं: एस्केप, चौकोनी कंस, कॅपिटल ए. म्हणजे २७, ९१, ६५. डेक कंपनीच्या व्हीटी१०० या १९७८च्या टर्मिनलने ही पद्धत रुजवली. ते टर्मिनल आता संग्रहालयात आहे, पण तुमच्या लॅपटॉपवरचं टर्मिनल अजून त्याचीच नक्कल करतं. त्यातही दोन रीती आहेत. टर्मिनल एका विशिष्ट स्थितीत असेल तर चौकोनी कंसाऐवजी कॅपिटल ओ येतो.

समजा तुम्ही 'बाहेर पडायला एस्केप दाबा' असं लिहिलंय. एस्केपचा नंबर २७. वापरणाऱ्याने साप वर न्यायला बाण दाबला. तुमच्या प्रोग्रॅमने २७ वाचला, 'बरं, येतो' म्हणत बाहेर पडला आणि मागे उरलेला कंस व ए शेलच्या प्रॉम्प्टवर सांडून गेला. लिनक्सच्या प्रॉम्प्टवर असा अनाथ कंस आणि ए दिसला, की जवळपास कुठेतरी विंडोजवाल्याने लिहिलेला खेळ आहे असं समजा.

मग एकटा एस्केप आणि बाणाचा एस्केप यांत फरक कसा करायचा? वाट पाहून. २७ आल्यावर थोडा वेळ थांबायचं. मागून कंस आला तर बाण, नाही आला तर एस्केप. किती थांबायचं? एन-कर्सेसमध्ये मुळात ठरलेली वेळ एक हजार मिलिसेकंद, म्हणजे पूर्ण एक सेकंद. कमी केली तर संथ नेटवर्कवरून जोडलेल्या माणसाचे बाण तुटतात, वाढवली तर एस्केप दाबणारा पुन्हा पुन्हा दाबतो. माझं मत विचाराल तर बाहेर पडायला 'क्यू' ठेवा. व्ही-आय वापरणारे अर्धशतक या एका सेकंदावर भांडत आले आहेत. त्यांना भांडू द्या.

आणि दोन खेळाडूंचा खेळ तर टर्मिनलवर करूच नका. बटण सोडलं गेलं ही बातमी साधं टर्मिनल देतच नाही. विंडोजचा कन्सोल बटण दाबल्याची आणि सोडल्याची अशा दोन्ही घटना वेगवेगळ्या सांगू शकतो.

पायरी सहावी : कंट्रोल

ही पायरी लहान आहे, पण टाळू नका.

विंडोजवर 'आता इनपुट संपलं' हे सांगायला कंट्रोल-झेड आणि एंटर. ही चाल सीपी/एमपासूनची. त्या सिस्टिमला फाइलची लांबी १२८ बाइटांच्या पटीतच माहीत असायची, म्हणून मजकूर नेमका कुठे संपतो ते कंट्रोल-झेडने दाखवायचे. लिनक्सवर त्या कामाला कंट्रोल-डी. तिथे कंट्रोल-झेड दाबलं तर प्रोग्रॅम संपत नाही, झोपतो. विंडोजवरून आलेला माणूस दिवसभर दर वेळी कंट्रोल-झेड मारून 'बंद' करतो, आणि संध्याकाळी मशीन का हळू झालं म्हणून तुम्हाला फोन करतो. त्याला 'जॉब्ज' टाइप करायला सांगा आणि फोन थोडा लांब धरा.

कंट्रोल-एस म्हणजे सेव्ह, हे हाताला इतकं बसलेलं असतं की तो टर्मिनलवरही तेच दाबतो. टर्मिनल गोठतं. ही टेलिटाइपच्या काळातली 'जरा थांब' अशी खूण आहे. कंट्रोल-क्यू दाबल्याशिवाय सुटका नाही, आणि हे कोणी सांगितल्याशिवाय सुचत नाही.

बॅकस्पेसचं बटण विंडोजच्या गेटचमध्ये ८ देतं, लिनक्सच्या आणि मॅकच्या टर्मिनलमध्ये सहसा १२७. पासवर्ड विचारणारा प्रोग्रॅम फक्त ८ ओळखत असेल तर लिनक्सवर खोडलेलं अक्षरही पासवर्डचा भाग होतं. वापरणारा शपथेवर सांगतो की पासवर्ड बरोबर टाकला. दोघंही खरं बोलत असतात.

पायरी सातवी : आता मराठीत विचारा

इथे मार्गदर्शन खरं सुरू होतं.

ग्राहक म्हणतो, प्रश्न मराठीत हवा: 'पुढे जायचं का? (ह / न)'. सोपं आहे. वायच्या जागी ह, एनच्या जागी न. टर्मिओसवाला एक बाइट वाचणारा प्रोग्रॅम तोच ठेवा आणि लिनक्सवर चालवा.

ह दाबा. पहिला बाइट २२४. न दाबा. पहिला बाइट २२४. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटांचं असतं आणि प्रत्येकाची सुरुवात २२४नेच होते. ह म्हणजे २२४, १६४, १८५. न म्हणजे २२४, १६४, १६८. पहिले दोन बाइट सारखेच! होकार आणि नकार यांत फरक पडतो तो तिसऱ्या बाइटला. पहिला बाइट वाचून निर्णय घेणाऱ्या प्रोग्रॅमला सगळी मराठी माणसं एकच उत्तर देतात, आणि उरलेले दोन बाइट पुढच्या दोन प्रश्नांची उत्तरं म्हणून खपतात.

आता पाचवी पायरी आठवा. विंडोजवर बाणाच्या बटणाआधी येणारा आकडा कोणता होता? २२४. विंडोजवरून आणलेला, २२४ दिसला की 'मागून बाण येतोय' असं धरून चालणारा सापाचा खेळ लिनक्सवर उघडा आणि देवनागरीत काहीही टाइप करा. प्रत्येक अक्षरागणिक त्याला वाटेल बाण आला, पुढचा आकडा १६४ किंवा १६५ पाहून तो गोंधळेल आणि तिसरा बाइट भलत्याच अर्थाने वाचेल. विंडोजवर मोठ्या अक्षरांचं, वाइड, गेटच वापरलं तर ह एका फटक्यात २३६१ म्हणून मिळतो, न २३४४ म्हणून. तिथे अडचण फ्रेंचांची होते. त्यांचं डोक्यावर उलटी रेघ असलेलं 'ए' नेमकं २२४ नंबरचं आहे आणि ते बाणाच्या खुणेत मिसळतं. प्रत्येक सिस्टिमने कोणाला त्रास द्यायचा ते वाटून घेतलेलं दिसतं.

बाइट 'कॅर'मध्ये ठेवला असेल तर आणखी एक पदर. इंटेलच्या मशीनवर साधा कॅर उणे धरतो, म्हणून २२४च्या जागी उणे ३२ दिसतो आणि '२२४शी सारखा आहे का' या प्रश्नाचं उत्तर कायम नाही. रास्पबेरी पायवरच्या लिनक्समध्ये कॅर उणे धरत नाही, तिथे तुलना जमते. पण तिथे 'इनपुट संपलं' ही उणे एकची खूण कॅरमध्ये टाकली की २५५ होते आणि तुमचा लूप कधीच थांबत नाही. ॲपलची नवी मशीनही त्याच एआरएम घराण्यातली, तरी तिथे कॅर पुन्हा उणे धरतो. गेटचारचं उत्तर 'इंट'मध्ये ठेवा. पुस्तकात लिहिलेलं असतं, आपण पान उलटतो.

समजा तिन्ही बाइट गोळा करून अक्षर जोडायला तुम्ही शिकलात. आता इन्स्क्रिप्ट कीबोर्ड घ्या. शिफ्ट-७ दाबा. पडद्यावर 'क्ष' येतं. बटण एकदाच दाबलं, पण आत गेली तीन चिन्हं: क, हलन्त, ष. बाइट नऊ. 'एक बटण म्हणजे एक अक्षर' हे ज्याने गृहीत धरलं, त्याने नक्कीच मराठीत टाइप केलेलं नाही. मग बॅकस्पेस दाबल्यावर क्ष पूर्ण जायचा, नुसता ष जायचा की एक बाइट जाऊन उरलेल्याचं चौकोनी प्रश्नचिन्ह व्हायचं, हे टर्मिनलवर, शेलवर आणि तुमच्यावर अवलंबून आहे. तिघांचं एकमत होईल अशी अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न इंग्रजीतच ठेवला तरी सुटका नाही. ज्या कार्यालयात दिवसभर मराठी टाइप होतं तिथे कीबोर्ड इन्स्क्रिप्टवरच राहिलेला असतो. माणूस 'वाय' छापलेलं बटण दाबतो, आत जातो ब. 'एन' दाबतो, जातो ल. तुमचा प्रोग्रॅम म्हणतो, 'कृपया वाय किंवा एन दाबा.' तो पुन्हा, अधिक जोराने, तेच बटण दाबतो. त्या बटणावर वाय छापलेलं आहे, त्याला डोळ्यांनी दिसतंय. म्हणून उत्तर न समजल्यास काय मिळालं तेही पडद्यावर दाखवा. 'ब' पाहिला की माणूस स्वतःच कीबोर्ड बदलतो.

विंडोजच्या जुन्या कन्सोलवर हे करायला गेलात तर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतील. यूटीएफ-८चं कोडपेज लावून बाइट वाचलेत तर बरीच वर्षं अक्षरांच्या जागी शून्यं हाती यायची. पायथनवाल्यांनी कंटाळून २०१६च्या ३.६ आवृत्तीत कन्सोलशी बोलण्याचा मार्गच बदलला.

पायरी आठवी : मग पायथनच घेऊ

घ्या. विंडोजवर 'एमएसव्हीसीआरटी' मॉड्यूल आहे, लिनक्सवर नाही. लिनक्सवर 'टर्मिओस' आहे, विंडोजवर नाही. दोन्ही 'ट्राय'मध्ये घालून जे मिळेल ते घ्या आणि चौथ्या पायरीपासून पुन्हा वाचा. जावात तर मानक लायब्ररीत एक बटण वाचायची सोयच नाही, ती ओळच मागते. सी-शार्पचा 'रीड-की' मात्र दोन्हीकडे बऱ्यापैकी चालतो. हे मान्य करताना लिनक्सवाले मित्र आजूबाजूला नसतील याची खात्री करा.

नेहमी येणाऱ्या तक्रारी

'माझ्याकडे चालतं, ऑनलाइन कंपायलरवर चालत नाही.' तिथे टर्मिनलच नाही. इनपुट आधीच एका पेटीत लिहून घेतात आणि प्रोग्रॅमला पाइपमधून पाजतात. टर्मिओस तिथे चूक देतो. त्या चुकीचा जुन्या युनिक्सवरचा संदेश होता, 'हा टाइपरायटर नाही.' इतका स्पष्ट संदेश पुन्हा झाला नाही. त्यामुळे मांडणी बदलण्याआधी 'आयझॅटटीवाय'ने विचारून घ्या की समोर टर्मिनल आहे का, आणि नसेल तर गुमान ओळ वाचा.

'संपादकाच्या रन खिडकीत अडकतं.' तीही बहुधा टर्मिनल नसते. खरं टर्मिनल उघडा.

'बटण दाबलंय का ते न थांबता बघायचंय.' युनिक्सवर 'सिलेक्ट' चालतो. तोच सिलेक्ट विंडोजवर फक्त नेटवर्कच्या सॉकेटवर चालतो, कीबोर्डवर नाही. तिथे 'केबीहिट'.

'बाकीच्या खिडक्यांतलीही बटणं वाचायची आहेत.' लिनक्सच्या वेलँडवर साधा प्रोग्रॅम ते करू शकत नाही आणि मॅक आधी परवानगी मागतो. दोघांचं बरोबर आहे. तुम्हाला ते का हवंय, हे आधी मलाही सांगा.

पायरी शेवटची

आता मूळ प्रश्नाकडे या. 'पुढे जायचं का?' या प्रश्नाला एंटर न मारता उत्तर मिळणं खरंच गरजेचं आहे का? खेळ असेल, संपादक असेल, पासवर्ड असेल तर आहे. तेव्हा तयार लायब्ररी घ्या, स्वतः लिहू नका. बाकी ठिकाणी 'एफगेटएस'ने पूर्ण ओळ वाचा, पुढचा-मागचा मोकळा भाग काढा, 'वाय', 'ह', 'हो' यांतलं काही आहे का पाहा आणि रिकामी ओळ आली तर नकार समजा. हे डॉसवर चालायचं, आज तिन्ही सिस्टिमवर चालतं, पाइपमधूनही चालतं, आणि ह व न यांचे तिन्ही बाइट एकत्रच हाती येतात. तो कारकून आपलं काम पन्नासहून अधिक वर्षं नीट करतोय, त्याला करू द्या.

एवढं मात्र करा: प्रोग्रॅम सुपूर्द करण्याआधी एकदा दुसऱ्या कोणाच्या तरी मशीनवर, त्याचा कीबोर्ड मराठीत असताना, त्यालाच चालवायला द्या. तुम्ही मागे उभे राहा आणि कोणतं बटण दाबायचं ते सांगू नका.